मागे केलेला हात

१

काकांच्या कानातली मशीनं नाहीशी झाल्याचं आम्हाला कळलं ते हॉटेलच्या जेवणघरात, सूप टेबलावर आल्यावर.

सूप आणलं होतं काकूंनी. आणायला उठताना त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या होत्या, "एक सकाळ मी बरोबर नव्हते, तर बघा, मफलरसुद्धा उलटा. माझ्याशिवाय ह्यांचं पान हलत नाही." मग दोन वाट्या घेऊन त्या परत आल्या आणि काकांच्या शेजारी बसल्या.

काकांनी त्यांच्यासमोर तळहात धरला. "दे."

"काय देऊ?"

काकांना ऐकू गेलं नाही. त्यांनी हात आणखी पुढे केला. "डबी गं. कान घालतो."

"कुठली डबी? माझ्याकडे कधी दिलीत?" काकू त्यांच्या कानाशी ओरडल्या. पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली.

"म्युझियमच्या दारात नाही का दिली? तुझ्या हातात दिली की."

काकूंचा चेहरा उतरला. आवाज आपोआप खाली आला. "अहो, मी म्युझियमला आलेच नव्हते. बसच्या पायरीशी गुडघा धरला म्हणून मी खोलीत परत गेले ना, तुम्ही आत झोपला होतात."

हे काकांना ऐकू गेलं नाही. बाकी सगळ्यांना गेलं.

२

त्या सहलीला आता इतकी वर्षं झाली, की तेव्हाचे चेहरे आठवताना हयात कोण आणि नाही कोण, याचा गोंधळ होतो. पण ती दुपार माझ्या डोळ्यांसमोर स्वच्छ आहे.

आमचा छोटा गट होता, सगळे साठीच्या पुढचे. चित्रं, राजवाडे, संगीत असं सावकाश दाखवणारी सहल, असं जाहिरातीत म्हटलं होतं. सावकाश होतीच. पण म्हातारी माणसं निवांत असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा अशा गटाबरोबर फिरून बघावं. पहिल्या दिवशी बसमधल्या पुढच्या खिडकीवरून इतकी धुसफूस झाली, की आमच्या लीडरने रोज सगळ्यांनी एक रांग पुढे सरकायचं, असा नियम केला. मग कुणाच्या खोलीला गॅलरी आहे, गाइड कुणाशी जास्त बोलतो, कुणाच्या मुलाचा रोज फोन येतो, यावरून सुरू झालं. मीही त्यात मागे नव्हते. माझ्या नणंदेला, म्हणजे वन्संना, न मागता नदीकडच्या खिडकीजवळचा पलंग मिळाला, तेव्हा दोन दिवस मी त्या खिडकीकडे पाठ करून बसले होते. खोली आमची एकच होती, हे विशेष.

काका-काकू ही नावं लीडरने पाडली आणि तीच राहिली. काका आयुष्यभर वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत आले होते. एक कान केव्हाच जवळजवळ गेला होता आणि दुसराही वर्षभरात जाईल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या संध्याकाळी, गावातल्या जुन्या हॉलमध्ये, मोठ्या वृंदाबरोबर शेकडो गळ्यांचं समूहगान होतं. त्या रचनेतला आपला एवढासा भाग काकांनी कितीदा वाजवला होता, पण समोर बसून ती सगळी कधी ऐकली नव्हती. त्यासाठीच ते आले होते. राजवाडे आणि पुतळे ते आमच्याखातर सोसत होते.

मशीनं मिळाली नाहीत तर ते हॉलमध्ये बसून नुसती उघडमीट करणारी तोंडं बघणार होते. आणि पुढच्या वर्षी मशीनं असूनही उपयोग नव्हता.

लीडर बिचारी फोनवर फोन करत होती. तशी मशीनं कानाच्या मापाने बनवून घ्यावी लागतात, एका दुपारीत मिळत नाहीत, असं सगळीकडून उत्तर आलं. काका-काकूंच्या खोलीत गाद्यासुद्धा उलट्या करून झाल्या. काहीही सापडलं नाही.

काकूंनी खाली लॉबीतून मुलाला फोन लावला. मी जवळच होते. "अरे, मी नव्हते तिथे मी होते म्हणतायत रे," त्या म्हणाल्या. पलीकडून मुलगा काय म्हणाला ते काकूंच्या उत्तरावरून कळलं. "हो, दाखवू या डॉक्टरांना. हो रे, ही शेवटचीच सहल."

काका समोरच्या सोफ्यावर बसले होते. त्यांना शब्द कळत नव्हते, पण आपल्याबद्दल काय चाललंय हे कळत होतं.

वन्सं माझ्या कोपराला टोचून म्हणाल्या, "वहिनी, चल. या माणसाचं डोकं माझ्याहून बरं आहे. डबी कोणीतरी घेतलीय."

३

वन्संनी हयात हॉस्पिटलात मेट्रन म्हणून काढली होती. वॉर्डात चोरी झाली की पोलिसांच्या आधी त्यांना बोलावत. खोटं बोलणाऱ्या पेशंटची नाडी न धरता त्यांना कळते, अशी त्यांची ख्याती होती आणि ती पसरवण्यात त्यांचाही हातभार होता.

त्यांनी लॉबीतल्या कागदी रुमालावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "डबीत मशीनं कधी ठेवलीत?"

"पट्टा घालताना," काका म्हणाले. "नेहमीसारखी."

पट्टा म्हणजे गाइडचं बोलणं ऐकायचं यंत्र. लीडर म्युझियमच्या दारात ते प्रत्येकाच्या गळ्यात अडकवायची आणि आम्ही कानात बोंडं घालून गाइडमागे गायींसारखे चालायचो. काकांचा धड ऐकणारा कान एकच, त्यात मशीन तरी राहील नाहीतर बोंडं तरी. म्हणून दारात मशीनं काढून डबीत ठेवायची, आवाज मोठ्ठा करून पट्टा ऐकायचा, असा त्यांचा रोजचा क्रम होता.

"म्हणजे खोलीत शोधणं वेडेपणा होता," वन्सं मला म्हणाल्या. "डबी म्युझियमपर्यंत गेली होती." पुन्हा लिहिलं, "मग डबी कुणाला दिली?"

"हिला! मागे हात केला, 'ठेव गं' म्हटलं, हिने घेतली. हात रिकामा झाला ना माझा!" काकांनी रिकामा हात दाखवला.

ते खोटं वाटेना, कारण ते मी रोज बघत होते. चष्मा, टोपी, गोळीचा कागद, जे नको असेल ते काका मान न वळवता मागे धरायचे आणि काकूंचा हात ते उचलून घ्यायचा. बोलणंसुद्धा नाही. ते बघून बसमधल्या आम्ही एकट्या बायका एकमेकींकडे बघायचं टाळायचो.

"तिचं तोंड पाहिलंत?" वन्संनी लिहिलं.

"बायकोचं तोंड काय बघायचं? शाल दिसली की."

"आणि परत येताना?"

"बसमध्ये मी कान बंद करूनच झोपतो. तेवढी शांतता मिळते."

वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी काकूंना विचारलं, "तुमची मोरपंखी शाल सकाळी कुठे होती?"

"ती मी नाश्त्यालाच देऊन टाकली होती. घसा धरलाय म्हणत होत्या, म्हणून."

"कुणाला?"

काकूंचे ओठ आवळले गेले. "कुणाला म्हणजे? त्या गाणाऱ्या बाईंना."

४

गाणाऱ्या बाई एके काळी रेडिओवर गायच्या. साठी उलटली तरी केस, काजळ, सगळं जागच्या जागी. पहिल्या दिवसापासून बसमध्ये त्या गुणगुणायच्या आणि काका मांडीवर बोटांनी सूर धरायचे. काकू त्या वेळी खिडकीबाहेर बघायच्या, अगदी बोगद्यातसुद्धा.

"मी?" गाणाऱ्या बाई जोरात हसल्या. "अहो, ती शाल टोचते मला. बसमध्ये चढताच काढून सीटवर टाकली. मी कशाला घेऊ त्यांची डबी? सबंध गटात ऐकणारा तेवढा एकच कान आहे, तोही बंद करू?"

"शाल मग कुणी घेतली?"

"बघितलं नाही. मी स्वतःकडे बघणाऱ्यांतली आहे, दुसऱ्याकडे नाही."

"बरं, एक सांगा. काका डबी देतात, ती काकू ठेवतात कुठे?"

"पर्समध्ये असेल. हा काय प्रश्न?"

"सहज."

मग इंजिनिअर. हे निवृत्त गृहस्थ प्रत्येक पुलाची चूक काढायचे. काकांना ऐकायला कमी येतं म्हणून लीडरने हॉलमध्ये पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या काका-काकूंसाठी मिळवल्या, तेव्हापासून ते तिच्याशी बोलत नव्हते. शिवाय त्यांच्या कोटाचा खिसा डबीएवढाच फुगला होता.

"खिशात काय आहे?" वन्सं सरळ म्हणाल्या.

"तुमचा काय संबंध?"

"काढा हो. मी माणसांचं याहून जास्त पाहिलेलं आहे."

लाल होत त्यांनी खिसा रिकामा केला. नाश्त्याच्या टेबलावरच्या जॅमच्या इवल्या बाटल्या निघाल्या, पाच-सहा. "नातवाला आवडतात," ते पुटपुटले. "आणि हो, पहिली रांग मला हवी होती. पण बहिऱ्याचे कान चोरून मिळवण्याइतका मी खाली आलेलो नाही."

"काकू डबी ठेवतात कुठे?"

"त्यांच्या पर्समध्ये! त्या पर्समध्ये एक वन-रूम किचन मावेल."

शेवटी मास्तरीणबाई. त्या बारीक, नीटनेटक्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शाळेत भूगोल शिकवायच्या. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. आम्ही गेलो तेव्हा त्या लॉबीच्या कोपऱ्यात नकाशा उघडून बसल्या होत्या.

"बिचारे काका," त्या म्हणाल्या. "किती लागलंय त्यांच्या मनाला."

"हो ना. मास्तरीणबाई, काकू ती डबी एरवी ठेवतात कुठे हो?"

"कुठे म्हणजे? शालीच्या आतल्या खिशात."

वन्संनी मान हलवली, नकाशातलं एक तळं बघून "सुंदर आहे" म्हणाल्या, आणि मला दंडाला धरून थेट काकूंच्या खोलीत घेऊन गेल्या.

"काकू, शाल बघू तुमची. परत कुणी दिली?"

"दिली कुठे? सूप आणायला उठले, परत आले तर माझ्या खुर्चीवर घडी करून टाकलेली." काकूंनी शाल उलगडली. आतल्या बाजूला, काठाला लागून, त्याच रंगाच्या कापडाचा खिसा शिवलेला होता. वरून जराही कळत नव्हता. "मीच शिवलाय. यात ह्यांची डबी ठेवते. पर्स चोरीला गेली तरी कान जायचे नाहीत."

"कुणाकुणाला माहीत आहे हा?"

"कुणालाच नाही. ह्यांनासुद्धा नाही. हे कधी मागे वळून बघतात का, मी कुठे ठेवते ते?"

५

मास्तरीणबाईंनी दार उघडलं आणि आम्हा दोघींकडे बघून त्या आपणहून बाजूला झाल्या. वन्सं पलंगावर बसल्या.

"थंडी वाजत होती म्हणून सीटवरची शाल तुम्ही घेतलीत. बरोबर?"

"बरोबर."

"अंगावर घेतल्याशिवाय तो खिसा कळत नाही. काकांनी हात मागे केला, त्यांना शाल दिसली, आणि तुम्ही डबी घेतलीत. इथवर चोरी नाही. शालीबरोबर डबी परत गेली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण शाल परत आली, खिसा रिकामा होता. डबी तुम्ही काढून घेतलीत."

मला वाटलं त्या रडतील. रडल्या नाहीत. वर्गात उशिरा आलेल्या मुलीकडे बघावं तसं त्यांनी आमच्याकडे बघितलं.

"आमच्या ह्यांची छत्री असायची," त्या म्हणाल्या. "बस आली की मागे न बघता माझ्याकडे धरायचे. 'धर गं.' मी वैतागायचे. म्हणायचे, मी काय खुंटी आहे? आज सकाळी काका 'ठेव गं' म्हणाले. माझा हात आपोआप पुढे गेला. मला सांगायला हवं होतं, की मी काकू नाही. पण त्यांनी बोंडं घातली आणि चालायलाही लागले. मी त्यांच्यामागे सगळं म्युझियम फिरले. एक चित्र आठवत नाही मला. सारखा त्या खिशावर हात होता."

"मग जेवताना दिली का नाहीत?" मी विचारलं.

"देणारच होते. शालीची घडी घालत होते. तेवढ्यात काकू म्हणाल्या ते ऐकलंत ना? माझ्याशिवाय ह्यांचं पान हलत नाही. सगळ्यांकडे बघून म्हणाल्या. रोज म्हणतात. ज्यांच्या घरी हलवायला पान उरलेलं नाही, त्यांच्याकडे बघून म्हणतात." त्यांचा आवाज प्रथमच चढला. "मला वाटलं, एकदा अडू दे. एक जेवण. काकूंना शोधू दे, घाबरू दे. त्यांच्या हातून काहीतरी हरवलंय असं एकदा होऊ दे."

"आणि हरवलं काकांच्या डोक्यातून, असं झालं," वन्सं म्हणाल्या.

"मला काय ठाऊक, त्यांच्यावर उलटेल म्हणून! मुलाला फोन होईल असं कुठे वाटलं होतं? त्यानंतर तोंड उघडायची हिंमत झाली नाही. प्रत्येक मिनिटाला जास्तच अवघड होत गेलं."

टेबलावरच्या चष्म्याच्या घरातून त्यांनी डबी काढली. वन्संनी हात पुढे केला नाही.

"मी नेऊन देणार नाही. बसमध्ये सापडली असं सांगितलं तर मशीनं मिळतील, पण काका भ्रमिष्ट ठरायचे ते ठरतीलच. त्यांनी डबी खरंच कुणाला तरी दिली होती, हे सांगणारं माणूस जगात एकच आहे."

मास्तरीणबाई डबीकडे बघत राहिल्या. "काकू मला गटात तोंड दाखवू देणार नाहीत."

"शक्य आहे," वन्सं म्हणाल्या आणि उठल्या. "बस साडेपाचला निघते."

६

बसमध्ये मास्तरीणबाई आल्या, पण बोलल्या नाहीत. हॉलशी उतरलो, कोट काढून दिले, तरी बोलल्या नाहीत. काका कोट घालूनच एका खांबाला टेकून उभे होते. आत जायचं की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं. काकू त्यांची बाही धरून होत्या. मी वन्संना म्हटलं, "आता तुम्हीच सांगा की!" वन्संनी नुसती नकारार्थी मान हलवली.

पहिली घंटा झाली. लोक आत सरकू लागले. तेव्हा मास्तरीणबाई गर्दीतून वाट काढत काकांसमोर आल्या आणि डबी पुढे धरली.

"तुम्ही ही माझ्याकडे दिली होती," त्या म्हणाल्या. "काकूंची शाल माझ्या अंगावर होती. तुम्ही काही विसरला नाहीत. मीही विसरले नव्हते. मी मुद्दाम दिली नाही."

गंमत अशी, की ज्यांच्यासाठी हे बोलणं होतं त्यांना त्यातलं अक्षरही ऐकू गेलं नाही. काकांनी डबी बघितली मात्र, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. मग त्यांची नजर मास्तरीणबाईंच्या हातावर गेली, खांद्यावर गेली, आणि काहीतरी जुळलं.

"तुम्ही होतात होय! म्हणजे मी दिली होती!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले, की दारावरचा माणूस दचकला. "बघ गं! दिली होती मी! सांग तुझ्या लेकाला!"

काकूंना मात्र शब्द न् शब्द ऐकू गेला होता. त्यांनी मास्तरीणबाईंकडे बघितलं. मी आयुष्यात बरीच भांडणं पाहिली आहेत, पण तसं बघणं पाहिलेलं नाही.

"जेवताना तुमच्याकडेच होती?"

"हो."

"मी मुलाला फोन करत होते तेव्हाही?"

"हो."

"का?"

काका कानात मशीनं बसवत होते, एक नीट बसेना. काकूंचा हात मदतीला पुढे झाला. काकांनी तो नकळत बाजूला सारला आणि ती स्वतःच घातली. दुसरी घंटा त्यांना ऐकू आली. ते आत निघाले, आणि काकूंना मागे जावंच लागलं.

कार्यक्रमाबद्दल मला लिहिता येणार नाही. मी संगीतातली नाही. शेवटाकडे सगळे गळे एकदम उघडले तेव्हा पायाखालची लाकडी जमीन कापत होती, एवढं सांगते. आम्ही मागच्या रांगेत होतो, पण पहिल्या रांगेतले काका मला दिसत होते. ते जरा पुढे झुकले होते आणि मांडीवर त्यांची बोटं चालली होती, आपला तो एवढासा भाग वाजवत. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. माझ्या शेजारी मास्तरीणबाई बसल्या होत्या. त्याही त्यांच्याकडेच बघत होत्या.

टाळ्या सुरू झाल्या. सगळे उभे राहिले. काकांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. काकूंनी रुमाल काढून पुढे धरला. काकांनी तो बघितलाच नाही. ते खुर्चीवरून उठले, वळले, आणि रांगांमागून रांगा डोळ्यांनी धुंडाळायला लागले. काय सुटलं आता, असं मला वाटलं. तेवढ्यात त्यांना हवं ते माणूस दिसलं. गर्दीला ढकलत ते मागे आमच्या रांगेपर्यंत आले, काकूंवरून, इंजिनिअरवरून, मास्तरीणबाईंच्या अगदी पुढून, आणि गाणाऱ्या बाईंसमोर उभे राहिले.

"ऐकलंत? तो खालचा सूर? पुरुषांचे आवाज थांबतात आणि तो एकटाच उरतो, ऐकलात?"

"ऐकला," गाणाऱ्या बाई म्हणाल्या. त्यांचं काजळ पार पसरलं होतं. "पुन्हा येतो तो, शेवटाआधी. अर्ध्या सुराने उतरून."

"उतरून! बरोबर! उतरूनच!" आणि त्या दोघांनी तिथेच, टाळ्यांच्या कडकडाटात, तो सूर म्हणायला सुरुवात केली.

काकू रुमाल हातात धरून रांगेच्या तोंडाशी येऊन थांबल्या. त्यांच्या आणि मास्तरीणबाईंच्या मध्ये एक रिकामी खुर्ची होती. दोघी त्या दोघांकडे बघत राहिल्या, बराच वेळ. मग दोघींनी एकाच वेळी मान वळवली आणि एकमेकींकडे बघितलं.

वन्संनी माझा हात दाबला. आता खटका उडणार, असं त्यांना वाटत होतं. मलाही.

काकूंनी रुमालाची घडी घातली आणि तो पर्समध्ये टाकला.

"ह्यांचं आता तासभर आटपत नाही," त्या मास्तरीणबाईंना म्हणाल्या. "चला, आपण बाहेर बसू. माझा गुडघा दुखतोय, जरा हात द्या."